कोवळ्या वयातील बाळंतपण

15 ते 19 या वयात दिवस गेलेल्या मुलीच्या शरीरात एकाच वेळी दोन वाढी चाललेल्या असतात. पोटातले बाळ वाढत असते आणि मुलगी स्वतःही अजून वाढत असते. पाळी सुरू झाली की गर्भ राहू शकतो, पण बाळंतपणाला लागणारी कंबरेच्या हाडांची पुरती रुंदी यायला त्यानंतर आणखी काही वर्षे जावी लागतात. हाडांसाठी लागणारे कॅल्शियम, रक्तासाठी लागणारे लोह आणि स्नायूंसाठी लागणारी प्रथिने दोघांनाही हवी असतात. ताटातच कमी असेल तर दोघांनाही अपुरे पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार 20 ते 24 वयाच्या मातांपेक्षा 10 ते 19 वयाच्या मातांना गरोदरपणातले झटके, बाळंतपणानंतरचा गर्भाशयाचा जंतुसंसर्ग आणि अंगभर पसरणारा संसर्ग यांचा धोका अधिक असतो. त्यांची बाळेही कमी वजनाची किंवा अपुऱ्या दिवसांची जन्मण्याची शक्यता जास्त असते.

हा धोका सगळ्यांना सारखा नसतो. 18-19 वर्षांच्या मुलीला वेळेवर तपासणी आणि पोटभर अन्न मिळाले तर तिचे बाळंतपण बहुधा सुखरूप होते. पंधरा-सोळाच्या आतल्या मुलीचे मात्र शरीरच तयार नसते. त्यात गरिबी, लपवाछपवी आणि उशिरा झालेली नोंदणी यांची भर पडते. वय परिचारिकेला बदलता येत नाही, पण या भर पडलेल्या गोष्टींवर तिचा बराच ताबा चालतो, आणि शुश्रूषेचे जवळजवळ सगळे काम तिथेच असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 19 वयोगटातल्या 7.6 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. देशाची सरासरी 6.8 टक्के होती. राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांमध्ये 21.9 टक्के जणींचे लग्न अठरा पुरे होण्याआधीच झालेले होते. पुढारलेले म्हणवणाऱ्या राज्याने हे आकडे सहज वाचून पुढे जाऊ नये.

रायगडच्या किनारपट्टीवर या मुली एकाच प्रकारच्या घरांतून येत नाहीत. अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, पेण, रोहा या तालुक्यांच्या डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित समजली जाणारी आदिम जमात आहे. तिथे मुलगा-मुलगी कमी वयातच एकत्र राहू लागतात, लग्नाचा विधी सवडीने आणि पैसे जमल्यावर होतो. कोळीवाड्यांत आणि आगरी गावांत आता मुली शिकतात, तिथे प्रसंग वेगळा असतो: बारावीतल्या मुलीची पाळी चुकलेली असते आणि घरात कोणाला पत्ता नसतो. पनवेल-उरणकडे कामासाठी आलेल्या परप्रांतीय मजुरांच्या खोल्यांतून येणाऱ्या मुलीला भाषाच कळत नाही. शिवाय अत्याचारातून गरोदर राहिलेली मुलगी यांपैकी कोणत्याही घरातून येऊ शकते. म्हणून समोर आलेल्या मुलीबद्दल आधीच काही गृहीत धरू नये, हा या कामातला पहिला नियम.

पहिली भेट

बहुतेक मुलींची आरोग्यव्यवस्थेशी गाठ उपकेंद्रावर पडते. डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असावे असे सरकारी प्रमाण आहे. तिथे आरोग्यसेविका असते आणि वाडीवर आशाताई. मुलगी सहसा एकटी येत नाही. बरोबर सासू, आई किंवा मोठी नणंद असते आणि प्रश्न मुलीला विचारला तरी उत्तर तीच देते. अशा वेळी 'वजन-उंची करायची आहे, हिला एकटीलाच आत येऊ दे' एवढे म्हणून मुलीला पडद्याआड नेणारी आरोग्यसेविका अर्धे काम तिथेच करते. ही पाच मिनिटे तिची असतात. तिला काय होते, कशाची भीती वाटते, कोणी मारते का, हे मूल तिला हवे आहे का, हे प्रश्न सासूसमोर विचारण्यात काही अर्थ नसतो.

'शेवटची पाळी कधी आली होती?' याला तारखेचे उत्तर क्वचितच मिळते. पाळी नियमित व्हायच्या आतच दिवस गेलेले असतात किंवा तारीख लक्षात ठेवायची सवयच नसते. अनुभवी सेविका मग सणांवर येते. गणपती बसले तेव्हा पाळी येऊन गेली होती का? नवरात्रात बाजूला बसली होतीस का? कोळीवाड्यात विचारायचे तर मासेमारीची बंदी हाताशी असते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत, तेव्हा बोटी सुटायच्या आधी की नंतर, एवढे कळले तरी अंदाज पंधरा दिवसांवर येतो. पुढे पोटाची उंची मोजून आणि शक्य तितक्या लवकर सोनोग्राफी करून तो अंदाज पक्का करायचा. दिवस चुकीचे धरले तर सगळेच चुकत जाते. सातव्या महिन्यातल्या कळा 'दिवस भरले' म्हणून सोडून दिल्या जातात आणि वाढ खुंटलेले बाळ 'अजून लहान आहे' म्हणून दुर्लक्षित राहते.

या पहिल्या भेटीत आवाजाची पट्टीही महत्त्वाची. 'एवढ्या लवकर कशाला हे?' असे एक वाक्य पुरते आणि मुलगी पुढच्या तपासणीला येत नाही. तिला तिथे पुन्हा यावेसे वाटणे हेच पहिल्या भेटीचे यश, मग त्या दिवशी एखादी रक्ततपासणी राहून गेली तरी चालेल.

वय खरे लिहिणे

माता व बाल संरक्षण कार्डावर वयाचा एक रकाना असतो. कमी वयाच्या मुलीबाबत सर्वांत जास्त खोटे त्याच रकान्यात लिहिले जाते. कार्डावर 19, शाळेच्या दाखल्यावर 16, असा प्रकार अनोळखी नाही. घरचे वय वाढवून सांगतात, कारण पोलिसांची भीती असते. पैशाचेही कारण असते. पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये देणाऱ्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत लाभार्थीचे वय किमान 18 वर्षे 7 महिने असावे लागते. जननी सुरक्षा योजनेतली 19 वर्षांची अट मात्र 2013 मध्ये काढली गेली. त्यामुळे दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण मुलीला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी मिळणारे 700 रुपये वय कमी असले तरी मिळतात. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखालचे मोफत बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी हेही वयावर अवलंबून नाही. हे सासूला पहिल्याच दिवशी नीट सांगितले तर खोटे वय सांगण्याचे निम्मे कारण संपते.

खोट्या वयाचा तोटा कागदापुरता नसतो. कार्डावर 19 असले की जोखमीची गरोदर म्हणून लावायचे लाल स्टिकर लागत नाही, दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तिला खास वेळ देत नाहीत आणि कळा सुरू झाल्यावर तिला उपकेंद्रावरच ठेवले जाते. सोळा वर्षांची मुलगी एकोणिसाव्या वर्षाच्या हिशोबाने बाळंत होते. परिचारिकेने वय खरे लिहावे आणि ते खरे का लिहिले हे मुलीला समजावून सांगावे.

कायदा आणि उपचार

खरे वय लिहिले की कायदा दारात येतो, हे नाकारून चालणार नाही. 2012 च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार, म्हणजे पॉक्सोनुसार, 18 वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे, मग तिची संमती असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2017 च्या निकालात अल्पवयीन पत्नीलाही हे संरक्षण लागू केले. कायद्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचे असते आणि कलम 21 प्रमाणे न कळवणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. परिचारिका, डॉक्टर, आशा या सगळ्यांना हे लागू होते. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली गावपातळीवर ग्रामसेवकाकडे बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी दिलेली आहे.

या तरतुदींमागचा हेतू मुलीला वाचवण्याचा आहे. प्रत्यक्षात वाडीवर बातमी अशी पोचते की दवाखान्यात नाव घातले की नवऱ्याला पोलीस नेतात. मग नोंदणी लांबते, बाळंतपण घरी होते, कधी गर्भ पाडण्यासाठी भलत्याच माणसाकडे जाणे होते. कळवण्याची सक्ती आणि मुलीने दवाखान्यात यावे ही इच्छा यांच्यातला हा ताण खरा आहे आणि तो सोसण्याचे काम शेवटी उपकेंद्रातल्या बाईवर पडते. तिने काय करावे याचा क्रम मात्र स्पष्ट आहे. आधी उपचार. अत्याचारपीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार करणे हे सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे. गुन्हा नोंदवला गेला आहे का, हे विचारत बसून उपचार थांबवता येत नाहीत. मग माहिती वैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत लेखी कळवायची आणि ती कळवली जाणार आहे हे मुलीला आधी सांगायचे. तिला न सांगता पोलीस आणणे म्हणजे तिचा विश्वास कायमचा घालवणे. गरज पडेल तिथे जिल्ह्याची बालकल्याण समिती, 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी, सखी केंद्र आणि अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणारी 2013 पासूनची मनोधैर्य योजना यांच्याशी तिची गाठ घालून द्यायची. तिचे नाव, गाव, फोटो कुठल्याही गटात, अगदी कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटातही जाऊ द्यायचे नाही.

गर्भ ठेवायचा नसेल तर 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि त्यातली 2021 ची दुरुस्ती लागू होते. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. अल्पवयीन मुली आणि अत्याचारपीडिता यांच्यासाठी ही मुदत दोन डॉक्टरांच्या मताने 24 आठवड्यांपर्यंत जाते. 18 वर्षांखालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी एक महत्त्वाची वाट मोकळी केली: मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पॉक्सोखालच्या कळवणीत मुलीची ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल अनेक कुटुंबांना माहीत नसतो. 'नाव बाहेर जाणार नाही' हे सांगणारी परिचारिका त्या मुलीला भोंदू गर्भपात करणाऱ्याच्या दारातून परत आणू शकते. चोवीस आठवडे उलटले की बाब बहुधा उच्च न्यायालयात जाते, म्हणून दिवस मोजण्यातली दिरंगाई इथे सर्वांत महाग पडते.

रक्त, रक्तदाब आणि ताट

कोवळ्या वयाच्या गरोदर मुलीच्या तपासणीत दोन गोष्टींवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे लागते: रक्ताची कमतरता आणि वाढता रक्तदाब.

गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले की रक्तक्षय, 7 च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय. ज्या मुलीला गेल्या वर्षी शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळत होती, तिला आता रोज लाल गोळी घ्यायची असते. लोहाचे प्रमाण दोन्हींत 60 मिलिग्रॅमच, पण निळी आठवड्याला एक आणि लाल रोज. चौथ्या महिन्यापासून किमान 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस. गोळ्या हातात दिल्या म्हणजे पोटात गेल्या असे होत नाही. मळमळते, शौचाला काळे होते, 'बाळ मोठे होऊन अडते' अशी भीती घातली जाते आणि गोळ्या छपराच्या वाशाला अडकवलेल्या पिशवीत तशाच राहतात. वाड्यांवर दिवसातून अनेकदा कोरा चहा होतो आणि चहाबरोबर घेतलेले लोह अंगी लागत नाही. म्हणून गोळी रात्रीच्या जेवणानंतर, लिंबूपाणी किंवा कोकमच्या साराबरोबर. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर एकमेकींच्या आड येतात. चौथ्या महिन्यात जंताची गोळी. आदिवासी मुलीची सिकलसेलची तपासणी सुरुवातीलाच करावी. हिमोग्लोबिन फारच खाली असेल तर गोळ्यांवर विसंबू नये. शिरेतून लोह द्यायचे की रक्त चढवायचे, हे डॉक्टरने ठरवावे म्हणून तिला उपजिल्हा किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात वेळेत न्यावे. कळा सुरू झाल्यावर रक्तपेढीकडे धावण्यात जीव जातात.

रक्तदाबाचे तसेच. 20 आठवड्यांनंतर तो 140/90 किंवा त्याहून वर गेला आणि लघवीत प्रथिने दिसली तर झटक्यांचा धोका समजायचा. पहिलटकरणीत हा धोका अधिक आणि इथे जवळजवळ प्रत्येक मुलगी पहिलटकरीण असते. डोके खूप दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, छातीखाली पोटात दुखणे, चेहरा आणि हात सुजणे ही लक्षणे मुलीला, सासूला आणि नवऱ्यालाही पाठ असावीत. वाडीवर झटका आला की 'लागीर झाले' म्हणून आधी भगताला बोलावले जाते, त्यात तास जातात. झटका आलेल्या किंवा येऊ घातलेल्या रुग्णाला मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन मगच पुढे पाठवायचे, हे आरोग्यसेविकेच्या प्रशिक्षणात आहे: एकूण 10 ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, खोल स्नायूत. प्रत्येक प्रसूतिकक्षात हे इंजेक्शन हाताशी असावे आणि ते देण्याची भीती सेविकेला नसावी.

वजन, दंडाचा घेर आणि उंची हे तीन आकडेही पुष्कळ सांगतात. दंड 23 सेंटीमीटरच्या आत असेल तर मुलगी कुपोषित आहे. उंची 140 सेंटीमीटरच्या आत असेल तर बाळ अडण्याची शक्यता धरून बाळंतपण सिझेरियनची सोय असलेल्या ठिकाणीच ठरवायचे. कोवळ्या कंबरेत बाळ तासन्‌तास अडून राहिले की मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधला भाग मरतो आणि लघवी आपोआप गळू लागते. ही जखम मुलीला आयुष्यभर घराच्या कोपऱ्यात बसवते.

आहाराचा सल्ला देताना सफरचंद आणि बदाम यांची यादी वाचून दाखवणे म्हणजे मुलीला तिची गरिबी ऐकवणे. किनाऱ्यावरचे गरिबाचे ताटही नीट भरता येते. सुका जवळा अख्खा खाल्ला जातो, म्हणून त्यातून प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते. रक्तदाब वाढलेल्या मुलीने तो पाण्यात दोनदा धुऊन खारेपणा काढून खावा. नाचणीची भाकरी, वाल, शेवग्याचा पाला, माठ, पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू, ओढ्यातल्या चिंबोऱ्या आणि खाडीतल्या तिसऱ्या हे सगळे आवाक्यातले आहे. अडचण अन्न कोणते यापेक्षा ते कोणाच्या ताटात किती पडते याची असते. घरात नवी सून शेवटी जेवते. म्हणून आहाराचा सल्ला सासूला द्यावा आणि अंगणवाडीतून मिळणारा गरोदर मातेचा आहार सगळ्यांत वाटला न जाता तिच्याच पोटात जातो का, हे आशाने घरी जाऊन पाहावे. मिश्री लावण्याची सवय अनेक मुलींना आईपासूनच लागलेली असते. मिश्री म्हणजे तंबाखू, आणि तिने बाळाचे वजन घटते. ओरडून ती सुटत नाही, पण दिवसातून पाचदा लावणारी दोनदावर आणता येते आणि पुढे बंदही करता येते.

वीटभट्टी, लावणी आणि खाडी

दिवाळी झाली की कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या सहा-सात महिन्यांत गरोदर मुलगी चिखल मळते, विटा थापते, डोक्यावरून वाहते. तिचे नाव मूळ गावाच्या नोंदवहीत आणि ती स्वतः दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. वाडी सोडण्याआधी कार्ड तिच्या हातात असावे, गोळ्यांचा पुरता साठा द्यावा, आणि भट्टी कुठल्या गावाजवळ आहे हे विचारून तिथल्या आरोग्य केंद्राला फोन करावा. हा फोन कुठल्याच अहवालात मोजला जात नाही. कामाचा खरा कस मात्र तिथेच लागतो.

पावसाळ्याची धास्ती वेगळी. भातलावणीत पायांना भेगा पडलेल्या अवस्थेत तासन्‌तास पाण्यात उभे राहावे लागते आणि कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा धोका त्याच दिवसांत वाढतो. या तापासाठी गावात वाटल्या जाणाऱ्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या गरोदर मुलीने घ्यायच्या नसतात. आरोग्यसेविकेने हे घरी आधीच सांगून ठेवावे, कारण एका घरात गोळ्यांची पाकिटे आली की सगळे घेतात. पावसाळ्यात गरोदर मुलीला ताप आला तर मलेरिया आणि लेप्टो या दोन्हींसाठी तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचे.

धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट या खाड्यांनी हा किनारा तुकड्यांत कापला आहे. नकाशावर जवळ दिसणारे रुग्णालय रस्त्याने दूर असते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, झाडे रस्त्यांवर आडवी पडली आणि अनेक गावे दिवसच्या दिवस विजेविना, फोनविना राहिली. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात दिवस भरणाऱ्या कमी वयाच्या मुलींची यादी मे महिन्यातच तयार हवी. कोणाला कुठल्या नातेवाइकाकडे, रुग्णालयाच्या जवळ, आठवडाभर आधी आणायचे, वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत डोली कोण उचलणार, 108 ची रुग्णवाहिका मिळाली नाही तर कोणाची जीप, हे नावानिशी ठरलेले असावे.

मनाची तपासणी

गप्प मुलगी शहाणी समजली जाते. गरोदर किशोरीचे गप्प असणे मात्र परिचारिकेने संशयाने पाहावे. झोप उडणे, जेवण सुटणे, सारखे रडू येणे किंवा काहीच न वाटणे, 'मला जगावेसे वाटत नाही' असे ओझरते बोलणे यांतले काहीही दिसले तर तिला सरळ विचारावे. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार मनात येतो ही समजूत चुकीची आहे. किशोरवयीनांसाठी महाराष्ट्रात 'मैत्री' नावाने चालणारी क्लिनिके आहेत, तिथे समुपदेशक असतो. मारहाणीच्या खुणा दंडाच्या आतल्या बाजूला, पाठीवर आणि पोटावर शोधाव्या लागतात. चेहऱ्यावर मारणारे कमी.

आनंदीबाई जोशींचे उदाहरण इथे आठवते. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मुलगा, आणि तो दहा दिवसांत गेला. पती गोपाळराव टपाल खात्यात होते, कल्याणनंतर त्यांची बदली अलिबागला झाली होती. त्या दुःखातूनच आनंदीबाईंच्या मनात वैद्यक शिकण्याचा निश्चय आला, 1886 मध्ये फिलाडेल्फियाची पदवी त्यांनी घेतली आणि प्रबंधाचा विषय होता प्रसूतिशास्त्र. बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, 1887 मध्ये, त्या गेल्या. चौदाव्या वर्षीच्या त्या बाळंतपणात आनंदीबाईंच्या मनाकडे पाहणारे शिकलेले माणूस जवळ कोणी नव्हते. आज प्रत्येक उपकेंद्रावर असे एक माणूस नेमलेले आहे.

प्रसूतिकक्षात

सोळा वर्षांच्या मुलीला कळांइतकीच भीती खोलीची वाटते: अनोळखी चेहरे, उघडे अंग, लखलखीत दिवा. आतून तपासणी करण्याआधी काय करणार आहोत हे सांगणे, तिचा होकार घेणे, एकाच व्यक्तीने कमीत कमी वेळा तपासणे आणि मधे पडदा ओढणे याला वेगळा खर्च लागत नाही. आई किंवा मोठी बहीण जवळ राहू द्यावी. बाळंतिणीसोबत आपले माणूस असावे हे आता सरकारी धोरणातही आहे. 'तेव्हा मजा वाटली, आता ओरडतेस?' हे वाक्य अनेक प्रसूतिकक्षांत ऐकू येते. ते बोलणाऱ्याला प्रसूतिकक्षात काम देऊ नये.

कळांची प्रगती पार्टोग्राफ या आलेखावर दर वेळी भरत जायची. नोंद इशाऱ्याच्या रेषेच्या उजवीकडे सरकली की थांबायचे नाही, कारण याच वयात बाळ अडण्याची शक्यता जास्त असते. प्रत्येक पहिलटकरणीला सरसकट छेद द्यायची गरज नसते. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे 10 युनिट स्नायूत द्यायचे, कारण रक्त कमी असलेल्या मुलीला थोडा रक्तस्रावही जड जातो. बाळ पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे, आणि पहिल्या तासात स्तनपान.

पहिले सहा महिने

या वयातल्या आईचे बाळ अनेकदा अडीच किलोच्या आतले असते. त्याला उबेसाठी आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधायचे. मुलगी लाजते, म्हणून सासूलाही हे शिकवावे. आई दमली की आजी ते करू शकते. स्तनाग्रांना भेगा पडणे, दूध उतरत नाही म्हणून रडणे, पहिल्या आठवड्यातच वरचे दूध सुरू करणे हे सगळे अपेक्षित धरून चालावे. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. कोवळ्या आईच्या घरी मधल्या दिवसांतही एखादी चक्कर मारावी. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पोटरीत दुखणे, पुन्हा रक्त जाणे यांकडे तिचे स्वतःचे लक्ष नसते, तिचे सगळे लक्ष बाळाकडे असते.

दुसरा गर्भ लवकर राहणे हे पहिल्यापेक्षा धोक्याचे. अनेक घरांत गर्भनिरोधनाचा विषय 'एक मूल झाल्यावर बघू' म्हणून टाळलेला असतो, आणि मूल झाल्यावरही कोणी बोलत नाही. तांबी प्रसूतीनंतर 48 तासांत बसवता येते. तीन महिन्यांचे 'अंतरा' इंजेक्शन बाळंतपणानंतर दीड महिन्याने सुरू करता येते, तर संप्रेरके नसलेली 'छाया' गोळी अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. दोन संप्रेरकांची नेहमीची गोळी मात्र पहिले सहा महिने देऊ नये. मुलीला यातले काय सोयीचे आहे हे तिला विचारून ठरवायचे. भट्टीवर जाणाऱ्या मुलीला दर आठवड्याची 'छाया' गोळी लक्षात ठेवणे अवघड जाते, तिथे तांबी अधिक उपयोगी पडते.

सहा महिने पुरे झाले की बाळाचा वरचा आहार सुरू होतो आणि आईला थोडी उसंत मिळते. शाळा सुटलेल्या मुलीला दहावी किंवा बारावीला 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. फॉर्म भरण्याची मुदत बोर्ड दरवर्षी जाहीर करते. ती तारीख लसीकरणाच्या दिवशी मुलीच्या कानावर घालावी आणि जवळच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांचा फोन नंबर तिच्या कार्डाच्या मागच्या पानावर लिहून द्यावा.